बाटल्यांचे मोजे

लाँड्रीत एकटा मोजा जितका उरतो तितकं दुसरं काहीच उरत नाही. कोट विसरलेला माणूस धापा टाकत परत येतो, पण एका पायाच्या मोज्यासाठी कोण कशाला येतंय! वहिनीच्या दुकानात अशा बेवारशी मोज्यांची टोपली भरली होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी त्यातले चार निवडून ती व्हिस्कीच्या बाटल्यांना घालायची. लेबल दिसलं की लोक जिभेपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवतात, असं तिचं म्हणणं होतं.

वहिनी खरं तर एकाच बाईची वहिनी होती. पण ती बाई, म्हणजे तिची नणंद, शाळेची बस चालवायची. तीस-चाळीस पोरांच्या कलकलाटावर मात करणारा तिचा आवाज. तिने रस्त्यातून "वहिनी!" अशी हाक मारली की अख्ख्या गल्लीला ऐकू जायची, आणि हळूहळू अख्खी गल्लीच वहिनी म्हणू लागली. वहिनी तिला 'वन्सं' म्हणायची आणि अहो-जाहो करायची. त्यात मान किती आणि चिडवणं किती, हे दोघींनाच ठाऊक.

या रविवारांची सुरुवात एका कोटाच्या खिशातून झाली होती. वहिनीचा नवरा गेला त्याच वर्षी एका गिऱ्हाइकाच्या जाड कोटाच्या आतल्या खिशात तिला चपटी बाटली सापडली. फोन केला तर तो हसून म्हणाला, "राहू द्या, औषध समजून घ्या." दुकानात आलेली प्रत्येक वस्तू आधी नाकाशी न्यायची, ही तिची धंद्याची सवय. डाग कशाचा आहे ते ती हुंगून सांगायची आणि मगच औषध ठरवायची. सवयीने तिने बूच काढलं आणि काउंटरमागे उभीच राहिली. त्या चार बोटं दारूत ओली लोकर होती, मध होता, विझलेली चूल होती. दुकानावरच्या घरी परतल्यावर रिकाम्या खोल्यांतून हिंडणाऱ्या बाईला त्या दिवशी कितीतरी दिवसांनी काहीतरी सांगावंसं वाटलं. तिने नणंदेला बोलावलं. मग शेजारच्या दुकानातले किल्लीवाले आले, मग वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण.

नियम कडक होते. अत्तर लावून यायचं नाही. दुपारच्या जेवणात कांदा नको. आधी हुंगायचं, मग घोट घ्यायचा, आणि घोट म्हणजे घोट, ढोसणं नाही. पाणी घालायचं तर डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातल्या ड्रॉपरने, थेंब थेंब. मध्ये तोंड साफ करायला बेचव बिस्किटं. बाटल्यांना मोजे किल्लीवाले घालायचे, सगळ्यांकडे पाठ करून, म्हणजे खुद्द वहिनीलाही कळू नये. मग वहिनी ग्लासात नाक घालून डोळे मिटायची आणि बोलायला लागायची. तिचं बोलून झालं की बाकीचे बोलायचे. बोलायचे म्हणजे काय, डॉक्टरीणबाई "अगदी अगदी" म्हणायच्या, नणंद "मला तर बाई कडूच लागतंय" म्हणायची आणि किल्लीवाले "हं" म्हणायचे. इतक्या वर्षांत त्या माणसाने 'हं'च्या पुढे मजल मारली नव्हती. मोजे उतरले की वहिनीचं बरोबर निघायचं. तिच्या नाकाची गल्लीत ख्याती होती.

आणि मग ते सर्दीचं दुखणं आलं. साधं दुखणं, आठवडाभर अंथरूण धरलं, उठली, दुकान उघडलं. त्यानंतरच्या रविवारी तिने पहिल्या ग्लासात नाक घातलं आणि आत काहीच नव्हतं. तिला वाटलं, ग्लासात अजून ओतलंच नाही. डोळे उघडून पाहिलं तर व्हिस्की होती की! पुन्हा हुंगलं. दुसरा ग्लास उचलला. तिसरा उचलला. नळाचं पाणी हुंगावं तसं. समोर तिघं वाट बघत बसलेली, आणि हिच्या कपाळावर घाम.

"काय येतंय, वहिनी?" नणंदेने विचारलं.

"मध," ती म्हणाली. तोंडाला येईल ते म्हणाली. योगायोगाने बरोबर निघालं.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. नाक परत येईल म्हणून तिने वाट पाहिली, वाफारे घेतले, साबणाच्या वड्या नाकाशी धरून स्नानघरात उभी राहिली. काही नाही. दुकानात ती गिऱ्हाइकांना "काय सांडलं होतं?" असं सहज विचारल्यासारखं विचारू लागली. धंद्याचं तिने निभावून नेलं. पण रविवारचं काय? नाक नसलेल्या बाईकडे वास घ्यायला कोण येणार? पहिल्यांदा सगळे हळहळतील, मग एखादा रविवार चुकेल, मग एकेकाला कामं निघतील, आणि पुन्हा त्या रिकाम्या खोल्या. ते तिला नको होतं. त्यासाठी वाटेल ते करायची तिची तयारी होती.

म्हणून तिने मोजे स्वतःच्या हाती घेतले. "किल्लीवाल्यांचे हात हल्ली थरथरतात, बाटली फुटेल एखादी," असं तिने जाहीर केलं. ज्या माणसाचे हात थरथरले असते तर गल्लीतली निम्मी दारं बंदच राहिली असती, त्याने ते मुकाट ऐकून घेतलं आणि म्हटलं, "हं." आता कुठल्या मोज्यात कुठली बाटली हे वहिनीला पाठ असायचं, आणि बाटल्या तर तिला वर्षानुवर्षं पाठ होत्या. डोळे मिटायचे आणि आठवणीतून बोलायचं. महिने गेले. कोणाला पत्ता लागला नाही, असं ती समजत होती.

तशी माणसं मात्र विचित्र वागत होती. किल्लीवाले कारण नसताना दुकानात येऊन बसायचे. एकदा ती एका पांढऱ्या शर्टाला इस्त्री करता करता फोनवर बोलत होती, तर हे गृहस्थ आत शिरले, इस्त्री उचलून उभी केली आणि वायर बघत बसले. वायरला काही झालं नव्हतं. शर्टाच्या पाठीवर तांबूस तिकोनी डाग मात्र पडला होता, तो तिला मागाहून दिसला.

आणि नणंदेचं तर विचारूच नका. परवा गुरुवारी वहिनी चहा करायला गॅसपाशी गेली, तेवढ्यात ही बाई दारातून आत आली ती थेट धावतच. वहिनीच्या हातातली काडेपेटी हिसकावून घेतली, "काय कोंदट करून ठेवलंयस!" म्हणत सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, आणि बाहेर कडाक्याची थंडी! वर चहा न घेताच "चल, बाहेर पिऊ" म्हणून तिला खाली ओढत नेलं. काडेपेटी पर्समध्ये घालून घरी घेऊन गेली ती गेलीच. वन्संना काडेपेटीचाही मोह आवरत नाही, असं वहिनी डॉक्टरीणबाईंना हसून सांगत होती. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

मग तो रविवार आला. चार बाटल्या, चार मोजे. पट्ट्यापट्ट्यांच्या मोज्यात फळाच्या वासाची गोडसर बाटली, करड्या मोज्यात धुराची. ही धुराची म्हणजे भलतीच उग्र. बूच काढलं की खोलीत ओली लाकडं पेटवल्यासारखं व्हायचं, आणि डॉक्टरीणबाईंना हमखास शिंक यायची. वहिनीने मोजे घातले आणि दुकानाचं शटर नीट लागलंय का ते बघायला ती खाली जाऊन आली.

पहिला मान पट्ट्यांच्या मोज्याला. तिने चारही ग्लासांत ओतलं, आपला ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले.

"नाशपाती," ती म्हणाली. "पिकलेली, कापून ठेवलेली. मागे थोडा मध. आणि हे बघा, अगदी शेवटी बदामाच्या सालीचा वास येतोय. धुराचा मागमूस नाही."

डॉक्टरीणबाईंनी रुमालात शिंक दाबली.

"अगदी अगदी," त्या म्हणाल्या. "नाशपाती."

"हं," किल्लीवाले म्हणाले.

नणंदेने हात लांब केला, बाटलीचा मोजा सर्रकन ओढून काढला आणि बाटली वहिनीसमोर आपटून ठेवली.

ती धुराची बाटली होती.

वहिनीने लेबल वाचलं, पुन्हा वाचलं, करड्या मोज्याकडे पाहिलं. आपल्याच हाताने घातले होते मोजे! आपण चुकलो, इतकंच आधी तिच्या डोक्यात आलं. मग दुसरी गोष्ट डोक्यात शिरली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. धुराने भरलेल्या खोलीत बसून डॉक्टरीणबाई नाशपाती म्हणाल्या होत्या. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या, आणि तरी त्या नाशपाती म्हणाल्या होत्या.

"तुम्ही हो का म्हणालात?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "अहो, धूर येत नाही का तुम्हाला?"

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली.

"मोजे मी बदलले," नणंद म्हणाली. "तू खाली गेलीस तेव्हा. या दोघांना विचारलं नाही मी. आमचं ठरलं होतं, तू होऊन सांगेपर्यंत कोणी विषय काढायचा नाही."

"केव्हापासून ठरलं होतं?"

"त्या शर्टापासून," किल्लीवाले म्हणाले.

सगळ्यांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"पार माझ्या दुकानापर्यंत जळका वास आला, वहिनी. मी धावत आलो तर तुम्ही इस्त्रीच्या टेबलाला टेकून हसत फोनवर बोलत होतात."

म्हणजे इतके महिने वहिनी यांना फसवत नव्हती. हीच तिघं तिला फसवत होती. ती डोळे मिटून आठवणीतलं सांगत होती, आणि समोर तिघं जण मान डोलवत बसत होती. लाजेने तिचे कान तापले, आणि मग संताप चढला.

"नाटकं केलीत माझ्यापुढे! आणि आज वन्सं, तुम्ही मला चारचौघांत उघडं पाडलंत. गंमत वाटली?"

"गंमत?" नणंदेचा आवाज चढला, आणि मग एकदम फुटला. बसभर पोरांना गप्प करणारा तो आवाज असा फुटलेला वहिनीने आपला नवरा गेला तेव्हाच ऐकला होता. "गुरुवारी जिन्यात होते मी, तेव्हाच गॅसचा वास आला. जिन्यात, वहिनी! शेगडीचं बटण चालू होतं, जाळ नव्हता. कधीपासून तसं होतं देव जाणे. आणि तू तिथे उभी होतीस, काडी हातात धरून. ओढायची तेवढी बाकी होती."

वहिनीने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तिला ती काडी आठवली. ओढणारच होती ती. काडी पेटीवर टेकवलेली होती. आणि आपण कपाळाला आठ्या घालून म्हणालो होतो, 'वन्सं, खिडक्या कसल्या उघडताय या थंडीत.' ती खाली बसली, आणि बसल्यावर तिला कळलं की आपण मघापासून उभ्या होतो.

"मला सांगायचं नव्हतं," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर हे रविवार गेले असते. मला हुंगता येत नाही तर तुम्ही कशाला याल?"

नणंदेने कपाळावर हात मारून घेतला. "मला व्हिस्की आवडते असं तुला कोणी सांगितलं? अगं, कडू लागते मला! पहिल्या दिवसापासून सांगत्येय. मी काय व्हिस्कीसाठी येते?"

हे वाक्य वहिनीने दर महिन्याला ऐकलं होतं आणि दर महिन्याला हसून सोडून दिलं होतं.

"उद्या माझ्याबरोबर नाकाच्या डॉक्टरांकडे यायचं," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "आणि दवाखान्यात विजेची किटली पडून आहे. ती आजच खाली आणते."

वहिनीने मान हलवली. मग ती ग्लास गोळा करायला लागली. "आता काय उरलंय," ती पुटपुटली. पण किल्लीवाल्यांनी आपला ग्लास सोडला नाही. त्यांनी तो नाकाशी नेला, डोळे मिटले, अगदी तिच्यासारखे.

"आधी धूर आहे," ते म्हणाले. "पण चुलीचा नाही. गंजलेलं कुलूप तापवून उघडतो ना आपण, तेव्हा येतो तसा. त्याच्या मागे मीठ. मग जरा थांबलं की लोकर. ओली लोकर, कोट वाळत घातलेत आणि वाळलेले नाहीत, तशी. मी तुमच्या दुकानात पहिल्यांदा आलो त्या दिवशी हाच वास होता."

खोलीत सगळ्यांचेच डोळे विस्फारले. नणंदेचं तोंड उघडं ते उघडंच. वहिनीला नाकात काहीही आलं नाही, आणि तरी ते वाळत घातलेले कोट तिला लख्ख दिसले. हा माणूस इतकी वर्षं हे सगळं जाणत होता, आणि तिने त्याला 'हं'च्या पुढे बोलायला कधी जागाच ठेवली नव्हती.

ती ग्लास खाली ठेवून समोर बसली. "लोकरीनंतर?" तिने विचारलं. "लोकरीनंतर काय येतंय?"

किल्लीवाले पुन्हा हुंगू लागले. तेवढ्यात नणंदेने डोळे पुसायला पर्समधून रुमाल ओढला, आणि त्याबरोबर काडेपेटी टेबलावर पडली. तिने ती वहिनीपुढे सरकवली.

"घे बाई तुझी. चोर म्हणत होतीस मला गल्लीभर."

वहिनीने ती उचलली, क्षणभर मुठीत धरली आणि पुन्हा नणंदेच्या पर्समध्ये टाकून पर्स बंद केली.

"असू दे तुझ्याकडेच," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती नणंदेला अगं-तुगं करत होती, आणि ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.