काळा न पडणारा बिल्ला

आमच्या घरात दोन लढायांचे दोन बिल्ले आले. मेडल हा शब्द आता आता आला, आमच्याकडं बिल्लाच म्हणतात. पहिला माझ्या पणजोबांचा. ते इंग्रजांच्या पलटणीतून बसऱ्याकडं गेले आणि तिकडंच राहिले. दुसरा माझ्या चुलत्याचा, एकाहत्तरच्या लढाईचा. मागच्या वर्षी गावच्या शाळेचे हेडमास्तर घरी आले. शाळेत गावातल्या सैनिकांचा फलक लावायचा होता, खाली काचेच्या कपाटात एकाच घरातली दोन मेडलं ठेवली तर लई शोभा येईल, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, गुरुजी, एक देवात बसलंय आणि दुसरं काकीच्या ट्रंकेत आहे. पहिलं पाहिजे तर देवाला मागा, दुसरं पाहिजे तर काकीला. त्यातल्या त्यात देव बरा. गुरुजी हसले आणि चहा पिऊन गेले.

थट्टा म्हणून बोललो, पण त्यात खोटं काहीच नव्हतं. पणजोबांच्या बिल्ल्यावर म्हणे एका बाजूला राजाचं तोंड होतं आणि कडेला पणजोबांचं नाव आणि नंबर. आधी बातमी आली, मग बिल्ला आला. माणूस आला नाही, राखसुद्धा आली नाही. पणजीनं काय करावं? तिनं तो बिल्ला कनवटीला लावला, राजूरच्या सोनाराकडं गेली आणि तो आटवून नवऱ्याचा टाक करून घेतला. घरातलं माणूस गेलं की चांदीच्या पत्र्यावर त्याची मूर्ती उठवून देवघरात बसवायची, ही आमच्याकडची रीत. लढाईत गेलेल्याला वीर म्हणतात, आणि सोनाराकडं वीराचा ठसा होता तो घोडेस्वाराचा. त्यामुळं जन्मभर पायदळात पाय घासलेले आमचे पणजोबा जे घोड्यावर बसले ते आजतागायत उतरलेले नाहीत. लहानपणी मी टाक पालथा करून मागं राजाचं नाक कुठं राहिलंय का बघायचो. एकदा आजोबांनी बघितलं आणि पाठीत असा धपाटा घातला की पुन्हा शोधायला गेलो नाही.

धुळवडीच्या दिवशी हे वीर बाहेर पडतात. खोबऱ्याच्या वाटीत टाक ठेवायचा, डफ लावून प्रवरेवर न्यायचा, पाण्यात धुवायचा आणि पुन्हा आणून देवात बसवायचा. त्याच्या आदल्या दिवशी काकी पणजोबांचा टाक राखुंडीनं घासायची. वर्षभरात तो काळाकुट्ट झालेला असायचा, घोडा कुठला आणि स्वार कुठला ते कळायचं नाही. तो घासून झाला की ती हात धुवायची, ट्रंक उघडायची आणि चुलत्याचा बिल्ला काढून बघायची. तो घासावा लागत नसे. पदरानं पुसला की झालं.

चुलता गेला तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. मला तो आठवत नाही, त्याचा फोटो आठवतो. नवी टोपी घातलेला, हसू दाबून धरलेला पोरगा. काकीच्या लग्नाला तेव्हा पुरतं वर्षही झालं नव्हतं. लढाई संपल्यावर कागद आला, त्यात माणूस बेपत्ता असं लिहिलेलं. बऱ्याच वर्षांनी दुसरा कागद आला, त्यात मृत समजण्यात यावं असं होतं. काकीनं तो मास्तरांकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाली, समजा म्हनत्यात, मेला म्हनत न्हाईत. कागदामागून बिल्ला आला. गोल, पांढरा, कडेला नाव आणि नंबर कोरलेला. भावकीनं लगेच टाकाचा विषय काढला. पणजोबांच्या शेजारी बसवा, बाईचं कुंकू पुसा, रीत ती रीत. आजोबा ओसरीवर बसले होते, ते एवढंच म्हणाले, "ती म्हनंल तवा." पुढं पंचवीस वर्षं ते जगले, पण पुन्हा त्यांनी तो विषय घरात निघू दिला नाही. आजोबा तसे तापट, माझ्यासारखेच. पण त्या एका बाबतीत त्यांनी जे केलं त्याच्यापुढं मी अजून हात जोडतो.

काकीनं माहेर धरलं नाही, दुसरं लग्न केलं नाही. भात लावला, म्हशी राखल्या, आम्हा भावंडांची डोकी धुतली. कपाळाला कुंकू आणि पायात जोडवी तशीच. बायका मागं काय बोलत असतील ते बोलोत, तिच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. आणि एक दिवस, मी नववी-दहावीत असेन, टाक घासता घासता तिनं मला जवळ बोलावलं. एका हातात पणजोबांचा काळा टाक, दुसऱ्या हातात चुलत्याचा पांढरा बिल्ला. म्हणाली, बघ, हे गेले म्हनून काळे पडत्यात. ह्यो काळा पडत न्हाई. मला सगळं कळलं. खरं सांगतो, मीही तेव्हा मानलं. कुठंतरी तिकडं, कुठल्यातरी तुरुंगात माझा चुलता जिवंत आहे आणि त्याचा निरोप हा बिल्ला दर वर्षी देतो, असं मी चांगली पाच-सहा वर्षं धरून चाललो.

मग मी नगरला आलो, नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर लागलो. लोखंड, पितळ, गनमेटल, सगळं हाताखालून जायला लागलं. एकदा कारखान्यात निकेल मिसळलेल्या तांब्याची एक पांढरी पट्टी हातात आली आणि मी जागच्या जागी थिजलो. तोच रंग, तीच चमक. पुढच्या धुळवडीला गावी गेलो, काकी चुलीजवळ असताना ट्रंक उघडली आणि बिल्ला उंबऱ्यावर टाकून बघितला. चांदीचा आवाज निराळा असतो. हा तो नव्हता. हा धातू काळा पडणारच नव्हता, त्यात कुणाच्या जगण्यामरण्याचा काही संबंध नव्हता. मी बिल्ला होता तसा ठेवला आणि जेवायला बसलो.

तेव्हापासून पस्तीस धुळवडी झाल्या असतील. दर वर्षी काकी बिल्ला पुसायची, माझ्याकडं बघायची, आणि मी मान हलवायचो. ही माझी मान. कारखान्यात सुपरवायझरपुढं कधी खाली गेली नाही, आणि इथं खोट्याला डोलत राहिली. कधी वाटायचं सांगून टाकावं, बाई, सोड आता. कधी वाटायचं, तू कोण रे सांगणारा? तुझं काय जातंय? असं करता करता माझे केस पिकले.

या माघात काकी आजारी पडली. छातीत कफ झाला, संगमनेरला दवाखान्यात दहा दिवस ठेवली. तिथं नर्सनं जोडवी काढायला सांगितली तर हिनं पाय आखडून घेतले. ती नर्स बिचारी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं राहू द्या. घरी आणल्यावर दोन दिवसांनी काकीनं मला खाटेजवळ बसवलं आणि म्हणाली, आता ह्यांचा टाक करायचा. मी तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडं बघितलं. तिनं माझ्या मनातलं ओळखलं.

"असत्याल तर असत्याल," ती म्हणाली. "पन मी गेल्यावर त्यांला घरात घेनार कोन?"

पोटी लेकरू नव्हतं, ती गेल्यावर त्या माणसासाठी कुणी थांबणार नव्हतं. भावकीत आता कुणाला त्याचं नावही माहीत नाही. धुळवडीच्या आत तो त्याच्या आजोबाशेजारी, म्हणजे माझ्या पणजोबांशेजारी बसला पाहिजे, म्हणजे वीर निघतील तेव्हा त्यालाही कुणीतरी उचलून नेईल. तिचा हिशोब एवढा साधा होता. मला मात्र घाम फुटला. कारण पणजीनं केलं तेच तिला करायचं होतं. बिल्ला आटवायचा आणि त्याचाच टाक.

बाजाराच्या दिवशी आम्ही जीपनं राजूरला निघालो. बिल्ला तिच्या कनवटीला. वाटेत मी मनात बेत रचत होतो. सोनाराला बाजूला घ्यायचं, चांदी आपण विकत घ्यायची, बिल्ला गुपचूप खिशात घालायचा, आणि हिला सांगायचं की झाला टाक. इतकी वर्षं खोटं चाललं, अजून एक चालेल. सोनार पणजीच्या वेळच्या सोनाराचा नातू की पणतू, माझ्याच वयाचा. दुकानात शिरल्या शिरल्या मी त्याला डोळा घातला. पण काही माणसं इतकी सरळ असतात की त्यांना डोळा घातलेला कळत नाही. त्यानं बिल्ला घेतला, उजेडात धरला, काळ्या दगडावर कड ओढून बघितली आणि म्हणाला, "आजी, ही चांदी न्हाई. ह्याचा टाक व्हनार न्हाई."

काकीला पटेना. पणजोबांचा चांदीचा होता, मग हा कसा नाही, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, तो इंग्रजांनी दिलेला, त्या काळात चांदी द्यायचे. आता असेच देतात. म्हणून तर काळा पडला नाही बघा, चांदी असती तर पडलाच असता. तो आपलं ज्ञान सांगत होता, त्याला काय ठाऊक तो काय बोलतोय. मला त्याचं तोंड धरावंसं वाटलं.

काकीनं मान वळवली. "तुला म्हाईत हुतं?"

मी व्हय म्हणालो.

"कवापासनं?"

"कारखान्यात लागलो तवापासनं."

मला वाटलं आता ही रडेल, नाहीतर भर बाजारात माझ्या मुस्काटात ठेवून देईल. ठेवायला पाहिजे होती. ती दुकानाच्या पायरीवर टेकली. मग म्हणाली, "बरं केलंस न्हाई सांगितलं. तेवढी वर्सं मी बाई हुते कुनाची तरी."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सत्तावन्न वर्षांचा गडी मी, सोनारापुढं उभा राहून रडलो आणि त्याची लाज वाटली नाही. नाक पुसत मी सोनाराला म्हणालो की तुमच्याकडची चांदी वापरा, लागेल तेवढी. काकी म्हणाली, नको. दुकानातली चांदी कुनाची कुनाची असंल. तिनं चप्पल काढली, पाय पुढं घेतला आणि जोडव्याला हात घातला.

ते निघेना. पन्नास वर्षांत बोटं सुजली होती, जोडवं मांसात रुतून बसलं होतं. सोनारानं साबण लावून बघितला. शेवटी त्यानं बारीक करवत काढली, पण त्याचा हात पुढं होईना. नवऱ्याच्या नावाचं जोडवं कापायचं म्हणजे त्यालाही जड गेलं. तेव्हा काकी मला म्हणाली की तू काप, तुझा हात लोखंडावर बसलाय.

मी पायरीखाली बसलो आणि तिचा पाय मांडीवर घेतला. चांदीखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून हळूहळू करवत ओढली. दोन्ही पायांची दोन जोडवी निघाली. काकीनं ती तळहातावर घेतली, कपाळाला लावली आणि सोनाराच्या ताटलीत ठेवली. तो हळूच म्हणाला की ठसा घोड्याचाच आहे, ते घोडदळात होते का?

"न्हाई, पायीच हुते," ती म्हणाली. "पन असू दे घोडा. चालून लई दिवस झाले त्यांला."

बिल्ला तिनं मला दिला. शाळेला देऊन टाक, म्हणाली, तो सरकारनं दिलेला आहे, सरकारच्या कपाटात शोभेल. दुसऱ्या दिवशी मी तो गुरुजींच्या हातात दिला. त्यांनी विचारलं, काकींनी कसा काय सोडला? मी म्हटलं, देवाला मागितला. ते पुन्हा हसले, आणि यावेळी मला हसू आलं नाही.

धुळवडीला खोबऱ्याच्या वाटीत दोन घोडेस्वार होते. एक घासून घासून झिजलेला, एक कोरा. वाटी मी धरली होती. डफाच्या मागं काकी चालत होती, आजारातून उठलेली, माझ्या बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. कपाळाला कुंकू नव्हतं. ते तिनं स्वतःच सकाळी लावलं नाही, कुणी पुसलं नाही. नदीवर पाणी घोट्याएवढंच होतं. दर वर्षी टाक घरातला पुरुष धुतो, म्हणून पणजोबांचा मी धुतला. दुसरा उचलायला गेलो तर काकीनं हात पुढं केला. भावकीतला एक म्हातारा काहीतरी बोलायला लागला. मी त्याच्याकडं असं बघितलं की तो गप्प बसला.

ती पाण्यात उतरली. टाक दोन्ही हातांत धरून तिनं बुडवला, अंगठ्यानं त्याचं तोंड चोळलं, लेकराचं चोळावं तसं. बाकी सगळे काठावर उभे होते, डफही थांबला होता. ती त्याच्याशी काहीतरी बोलली. बाकीच्यांना ऐकू गेलं नसेल, पण मी वाटी धरून तिच्या शेजारीच होतो.

"लई उशीर केला तुमी," ती म्हणाली.

मी खाली बघितलं. पाणी स्वच्छ होतं आणि तिच्या पायाच्या बोटांवर, जोडवी होती तिथं, पांढरे वळ दिसत होते. तिनं टाक पदरानं कोरडा केला, माझ्या वाटीत त्याच्या आजोबाशेजारी ठेवला आणि चला म्हणाली.