मुक्ताला परत आणायला कळंबला

ही काही हौसेची सहल नव्हती, आधीच सांगते. पुण्यात माझा कराटेचा क्लास आहे आणि त्यातली सगळ्यात गुणी विद्यार्थिनी म्हणजे माझी लेक मुक्ता. दहावीची परीक्षा संपल्यावर ती आत्याकडे कळंबला गेली, तिथल्या नंदाताईंच्या तालमीत मातीतली कुस्ती खेळायला लागली आणि फोनवर म्हणाली, "आई, अकरावी इथेच करते." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्याच दिवशी गाडी काढली.

पुण्याहून जाणार असाल तर पाटसला सोलापूर महामार्ग सोडून बारामतीकडे वळा. बारामतीत स्टँडजवळ मिसळ खाल्ली. तिखट होती, पण मी आधीच पेटलेली असल्याने जाणवली नाही. पुढे इंदापूर रस्त्यावर जंक्शन लागतं (हो, गावाचं नावच ते), तिथून वालचंदनगरकडे; कळंब त्याला लागूनच. रस्ता बरा, दोन्ही बाजूंना ऊस, सावली मात्र शोधावी लागते.

संध्याकाळी नंदाताई आत्याच्या अंगणातच भेटल्या. धिप्पाड बाई, स्वतःचं कौतुक स्वतःच करणाऱ्या. "म्याडम, तुमची पोर लई चिवट हाय. मी घडवतीय तिला."

"दहा वर्षं मी घडवलीय," मी म्हटलं.

"व्हय की. म्हणून तर हितं तरास न्हाय झाला!"

सकाळी तालमीत गेले तर मुक्ता आधीच हजर, हातात खोरं, माती उकरत होती. घरी पाच हाका मारल्याशिवाय हिचं पांघरूण निघत नाही! शिस्त शिस्त म्हणून मी घसा कोरडा केला आणि फळ खातंय कोण? मला नंदाताईंचा सरळ हेवा वाटला. त्याच भरात म्हणाले, "मुक्ता, चल, माझ्याशी खेळ."

"खेळा की," नंदाताई म्हणाल्या, "पर आदी माती उकरा. जिला पाडायचं, तिच्या पाठीखालची माती आपुनच मऊ करायची. आमच्यात असंच हाय."

मी चार फावडी मारली आणि खोरं टाकलं. मुक्ताने ते उचललं. ती उकरतच राहिली, ढेकळं हाताने फोडत राहिली. बाकीच्या पोरी ताटकळल्या.

"पुरे की गं," मी म्हटलं.

"थांब आई, तुझी कंबर दुखते ना."

मग तिने मला आस्मान दाखवलं. लागलं नाही कुठेच. माती खरंच मऊ होती. आडवी पडल्या पडल्या मला रडू आलं. पाडायला मी शिकवलं होतं, हे मी शिकवलं नव्हतं.

मुक्ताला न घेताच, काही न ठरवता परत निघाले. नरसिंहपूरचं संगमावरचं देऊळ बघायचं होतं, पण मन लागेना. तुम्ही चुकवू नका. इंदापूरला चहा घेतला, महामार्ग धरला आणि दिवेलागणीला घरी पोचले.

क्लासातल्या पोरी वाट बघत होत्या. त्यांना सुट्टी दिली आणि मुक्ताला फोन लावला. "राहा तिथे," एवढंच कसंबसं म्हटलं.

"वस्ताद! आई हो म्हणाली!" ती ओरडत नंदाताईंकडे पळाली. फोन बंद करायचंही भान नव्हतं तिला. पलीकडे दोघी हसत होत्या आणि मी कान लावून ऐकत बसले.