रोपरांचा दोर

आंबा घाट उतरताना एसटीतली निम्मी माणसं पेंगत होती, मी मात्र टक्क जागा. खिडकीबाहेर घाट छान होता, पण माझं लक्ष कुठं होतं! सोलापूरहून निघाल्यापासून डोक्यात एकच किडा वळवळत होता, तो म्हणजे माझं आडनाव.

माझं आडनाव रोपर. हो, इंग्रजीच, आणि मी सोलापुरातला मराठी माणूस. पंजाबात रोपर नावाचं शहर आहे, म्हणून चौसष्ट वर्षं लोक मला विचारतात, “पंजाबातले का तुम्ही?” पूर्वी चिडायचो, आता नुसता बघतो. आमचे पणजोबा राजापूर तालुक्यातल्या नाटे गावचे. जहाजावर खलाशी होते. आजोबा गिरणीत कामाला म्हणून सोलापूरला आले ते कायमचेच. पणजोबा कुणा रोपर साहेबाच्या हाताखाली होते आणि त्याची मर्जी राखायला त्यांनी त्याचंच आडनाव लावलं, असं वडील सांगायचे. सांगताना आवाज खाली जायचा त्यांचा.

माझ्या मुलाला, अनिकेतला, नुकतीच मुलगी झाली. बारशाच्या तयारीत तो मला सरळ म्हणाला, “बाबा, साहेबाची हुजरेगिरी म्हणून आलेलं नाव मी माझ्या मुलीला लावणार नाही. गॅझेटला अर्ज करतोय. आपण नाटेकर होऊ.” मला राग आला. पण मुलगा चुकीचं काय बोलत होता? पुस्तकात बघून एवढं मला ठाऊक होतं की विलायतेत दोर वळणाऱ्याला रोपर म्हणत आणि त्यावरून तिथे घराणीच्या घराणी त्या नावाची झाली, आपल्याकडच्या सुतार-लोहारांसारखी. पण आमचं नाव कुणाचं? साहेबाचं की पणजोबांचं? “मला आठ दिवस दे,” म्हणालो आणि पिशवी उचलली.

साखरप्याला चहा आणि कांदाभजी झाली. रत्नागिरीत पोचलो तेव्हा चार वाजले होते. स्टँडजवळच्या लॉजवाल्याने आधारकार्ड पाहिलं आणि हसत म्हणाला, “पाव्हणे पंजाबचे दिसतात.” मी म्हटलं, “नाट्याचा आहे.” त्यावर तो एकदम सावरून बसला. “मग खोली समोरची घ्या, मागे डास आहेत. आणि जेवायला कोपऱ्यावर जा, बांगडा ताजा असतो.” बांगडा खरोखर ताजा होता. आपल्या जिल्ह्याचा माणूस म्हणून मला पहिल्यांदाच कुणीतरी काही दिलं होतं, आणि खरं सांगतो, मी सुखावलो.

सकाळच्या गाडीने पावस, पूर्णगड, आडिवरे करत निघालो. पूर्णगडच्या पुलावर खाडी दिसली आणि पुढे कातळ (जांभ्या दगडाचं उघडं माळरान) सुरू झाला. मैलोगणती काळा, तापलेला दगड आणि मध्येच एकदम हिरवीगार आमराई. या खडकातून आंबा काढणाऱ्या माणसांचा मी वंशज आहे, असं मनात आलं आणि कॉलर थोडी ताठ केली. त्या नादात एक थांबा आधीच उतरलो. मग उन्हात दोन किलोमीटर पायपीट. शहाणपणाची शिक्षा, दुसरं काय!

वाडीत शिमग्याची गडबड होती. पहिल्याच घराच्या अंगणात एक म्हाताऱ्या बाई सोडणाचा (नारळाच्या सालीचा) काथ्या पिळत बसल्या होत्या. मी विचारलं, “रोपरांचं घर कुठं होतं हो?”

बाईंचे हात थांबले. “कुणाचे तुमी?”

“रोपरांचाच. सोलापूरहून आलोय.”

“जोतं हाय निस्तं,” त्यांनी शेजारच्या काजूच्या झाडांकडे बोट दाखवलं. “बसा आधी. च्या टाकते. आमी शेजारी तुमचे. माका काकी म्हनतात सगळे.” मग घरात वळून हाक मारली, “तात्यांना बोलवा रे, रोपर आलेत.”

तात्या म्हणजे गावचे मानकरी, ऐंशीच्या घरातले, काटकुळे. मला आपादमस्तक न्याहाळून समोर बसले. मी आडपडदा न ठेवता विचारलं, “तात्या, आमच्या पणजोबांनी साहेबाचं आडनाव घेतलं ना?”

तात्यांच्या कपाळावर आठी चढली. “कोन साहेब? तुमच्या पनजोबाला नाव होतं, बापाचं नाव होतं, गाव होतं. आडनाव कुनाला होतं तेव्हा आमच्यात? जहाजावर पुस्तकात लिवायला साहेबाने विचारलं, आडनाव काय? तो म्हनाला, नाय. मग करतोस काय? तर म्हनाला, दोर वळतो, माझ्या दोराने तुझं जहाज बांदलंय. साहेब म्हनाला, आमच्याकडे अशा मानसाला रोपर म्हनतात. आनि तसंच लिवलं. साहेबाचं स्वताचं नाव काय होतं ते कुनाला ठाव नाय. कुनी विचारलंच नाय!”

मी चहाचा कप खाली ठेवला.

“हे कुठं लिहिलेलं आहे का?” मी विचारलं. पोराला काय दाखवू, हीच धास्ती.

“लिवलेलं नाय. उद्या ऐका,” तात्या म्हणाले आणि उठले.

काकींनी मग मला होळीचा दोर दाखवला. गावची होळी म्हणजे आंब्याचं अख्खं झाड. ते वाजतगाजत आणून सहाणेसमोर (पालखी बसते त्या चौथऱ्यासमोर) दोरांनी ओढून उभं करतात. त्यातला पहिला दोर आमच्या घराचा मान. घर बंद झालं तरी मान बंद झाला नाही. काकींचं घर दरवर्षी दोर वळतं, पण शेवटचे वीतभर तीन पेड मोकळे ठेवतं. ते टोक बांधणं आमचं काम. आम्ही नाही, म्हणून तात्या नुसती सुतळी गुंडाळतात.

“इतकी वर्षं?” मी म्हटलं.

“दुसऱ्याचा मान कसा घ्यायचा?” काकी म्हणाल्या, जणू मी काही खुळ्यासारखं विचारलं होतं.

दुपारभर त्यांनी मला पेड उलटे फिरवून दोरातच खोवायला शिकवलं. चार वेळा सुटलं. बोटं सोलली. “सोलापुरात हाताने काय करताव?” काकींनी विचारलं. शाळेत प्रयोगशाळा सांभाळत होतो, म्हटलं. “तरीच,” त्या म्हणाल्या. संध्याकाळी पाचव्या खेपेला टोक बसलं आणि ओढून पाहिलं तर हललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं गाव सहाणेसमोर जमलं. ढोल थांबले. तात्यांनी देवाला गाऱ्हाणं (गावासाठीचं मागणं) घातलं आणि एकेका घराचा मान पुकारायला लागले. पहिलीच हाक होती, “रोपरांचा दोर हाय का?”

ग्रामदेवतेसमोर, नारळ-फुलांच्या गर्दीत, कोकणी सुरात ते नाव. मी गर्दीतून पुढे झालो आणि म्हणालो, “हाय.” तात्यांनी दोर हातात घेतला, टोक चाचपलं आणि बुंध्याला बांधायला दिला. दोनशे हात लागले. झाड उभं राहिलं. त्या क्षणी मला इतका अभिमान वाटला की बोलायची सोय नाही.

परत सोलापूरला आलो तेव्हा अनिकेत मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. अर्ज टेबलावर, भरलेला. मी सगळं सांगितलं. कागदी पुरावा काहीच नाही, हेही सांगितलं. त्याने माझी सोललेली बोटं बघितली.

“ती हाक दरवर्षी मारतात?” त्याने विचारलं.

“दरवर्षी. आपण नव्हतो तेव्हाही.”

“आणि आपण नाटेकर झालो तर?”

“तरी मारतील. उत्तर द्यायला कुणी नसेल, इतकंच.”

त्याने तात्यांचा नंबर मागितला आणि माझ्यासमोरच फोन लावला. स्वतःची ओळख सांगून विचारलं, “आमच्याकडे मुलगी आहे. तिने टोक बांधलेलं चालेल का?”

तात्यांचा आवाज मलाही ऐकू आला. “दोर घट्ट हाय का तेवडं आमी बघतो. तिचं नाव काय ठेवलंत?”

“सई,” अनिकेत म्हणाला. मग बाळाच्या कपाळावर हात ठेवून पुढे म्हणाला, “सई अनिकेत रोपर.”