फसली साल आणि ड्रॉवरमधल्या फ्लॉप्या

शुक्रवारी दुपारी जिल्हा कचेरीत जिंतूरची एक जुनी नोंद प्रोग्रामनं पाचव्यांदा परत फेकली. स्क्रीनवर दोनच शब्द: 'साल चुकीचे'. सोमवारी वरचे अधिकारी काम बघायला येणार होते. जुन्या नोंदी चालल्या नाहीत तर आठही तालुक्यांतलं काम बंद आणि पुन्हा हातानं रजिस्टर, असं आमच्या देशमुख साहेबांना फोनवर स्पष्ट सांगण्यात आलं होतं.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. प्रोग्राम जमिनीच्या नोंदींचा, पुण्याहून आलेला. त्याचा सोर्स, म्हणजे मूळ मजकूर, आम्ही प्रत्येक तालुक्याला देऊन टाकला होता. चूक दिसली की तिथल्या ऑपरेटरनं दुरुस्त करायची आणि बदललेल्या तेवढ्याच ओळी फ्लॉपीवर घालून एसटीनं माझ्याकडे पाठवायच्या. त्याला पॅच म्हणायचं. मी तो तपासून मूळ प्रोग्रामात घ्यायचा आणि नवी प्रत सगळ्यांना पाठवायची. व्यवस्था चांगली होती. अडचण मी होतो.

दुसऱ्यानं लिहिलेली ओळ मला घेववत नसे. सवडीनं आपणच नीट लिहू, म्हणून फ्लॉपी ड्रॉवरमध्ये. अशा एकतीस साचल्या होत्या.

साहेबांनी विचारलं, "जिंतूरच्या सोनवणेनं हे कधी कळवलं नाही?"

"नाही सर." तोंडातून गेलंच.

"मग मेमो काढा त्याला. आणि उद्या बोलवून घ्या."

मेमो मीच टाइप केला.

शनिवारी सोनवणे पहिल्या एसटीनं आला. मेमो वाचला, घडी करून खिशात ठेवला.

"सर, ड्रॉवर उघडा. पिवळं लेबल हाय."

लेबलावर त्याच्या अक्षरात होतं, 'फसली. पोच द्यावी.' चार महिन्यांपूर्वीची.

"निजामाच्या काळातल्या नोंदी फसली सालात हायत," तो म्हणाला. "तेराशे अठ्ठावन्नात पाचशे नव्वद मिळवा, आपलं साल येतंय. पुण्याच्या माणसाला कुठून ठावं? माझा आजा अजून जन्मसाल फसलीतच सांगायलाय."

पॅच सहा ओळींचा होता. घातला. प्रोग्रामनं नोंद घेतली.

मग त्यानं ड्रॉवरात वाकून बघितलं. "अन् हे एवढे?"

"सोमवारनंतर बघतो."

"तुमच्या एकट्यानं न्हाई व्हायचं सर. वाटून टाका. छपाईचा भाग वसमतच्या जोशीबाईंना, फेरफार गंगाखेडच्या पठाणभाईंना, जुन्या नोंदी मला. आमी आपापल्या भागाचे पॅच तपासतो. तुमी फक्त आमच्या तिघांकडून घ्या."

"आणि तुमच्याकडून चुकलं तर?"

"तर आमाला विचारा. आता कोणाला विचारावं?"

मी जोशीबाईंना आणि पठाणभाईंना फोन करून बोलावून घेतलं. पठाणभाई आल्या आल्या म्हणाले, "ड्रॉवर हाय का कब्रस्तान?" जोशीबाई हसल्या नाहीत, त्यांच्या सात फ्लॉप्या त्यात होत्या. रविवारी चहाच्या वेळेला ड्रॉवर रिकामा झाला. बावीस पॅच घेतले, तीन कारण लिहून परत केले. उरलेले सहा एकाच चुकीवरचे निघाले. मी नवी प्रत पाठवली नाही, म्हणून सहा जणांनी तीच चूक सहा वेळा दुरुस्त केली होती.

सोमवारी तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांनी खुर्ची ओढून स्वतः टाइप केलं: फसली तेराशे एकोणपन्नास. नोंद लगेच समोर आली. त्यांनी आणखी चार टाकल्या. चारही आल्या.

"हे कुणी केलं?"

"जिंतूरच्या सोनवणेंनी," मी म्हणालो. काम बंद पडलं नाही. उलट आमची वाटणी पुढे कायम झाली आणि पॅच पुन्हा कधी साचले नाहीत.

देशमुख साहेबांनी मेमोचं विचारलं, तेव्हा मात्र मी म्हणालो, "फ्लॉपी एसटीत अडकली होती सर." मेमो रद्द झाला. सोनवणेनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि चहाचा कप उचलला. पुढची सगळी वर्षं तो याबद्दल बोलला नाही. मीही नाही.

एसटीत काही अडकलं नव्हतं.

पॅच बरोबर की चूक, हे नंतर ठरवता येतं. पोच त्याच दिवशी द्यावी. सोनवणे, तुमची पिवळ्या लेबलाची फ्लॉपी मिळाली.