मिस्त्रींचे तीन खड्डे

मिस्त्रींच्या लेकीने टेकडीवर होणाऱ्या नव्या घरांपैकी एक ठरवलं आणि नकाशा घेऊन ती बापाकडे आली. "सातवं आमचं, बाबा." मिस्त्रींनी चष्मा चढवला, नकाशा खिडकीशी नेऊन पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. आठही घरं सपाटीवर होती.

टेकडीच्या निम्म्या चढावर तेवढी एकच सपाट जागा. पायथ्याच्या गल्लीतली पोरं तिथे चेंडू खेळत, बायका गाद्या उन्हात टाकत, म्हातारे फेऱ्या मारत एकमेकांच्या सुनांविषयी बोलत. मिस्त्रीही त्यातलेच. त्यांना सून नव्हती, म्हणून ते नुसते ऐकत.

बायको गेल्यापासून ते दोन खोल्यांत एकटे राहत. लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला. महिन्यातून एकदा यायची, डबे पुसायची, बापाला रागवायची आणि शेवटची बस गाठायची. टेकडीवर आली असती तर रोज दिसली असती. पण सपाटी गेली तर गल्लीला पाय मोकळे करायला जागा उरत नव्हती. मिस्त्रींना दोन्ही हवं होतं.

शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाई विरोधाचा अर्ज घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, सही करा. टेकडीवर एकही घर नको."

"बाई, माझीच लेक यायचीय तिथे."

"म्हणजे तुम्ही फितूर!"

"फितूर कसला? बाप आहे."

अर्ज तसाच परत गेला. मिस्त्री मात्र काठी घेऊन टेकडी चढले. वर इंजिनिअर मोजमाप घेत होता. मिस्त्रींनी विचारलं, "साहेब, वरच्या खाणीखालची पट्टी रिकामी आहे. घरं तिकडे का नाही घेत?"

"तो सगळा भराव आहे, काका. टेकडी फोडून रस्ता काढला तेव्हाचा दगडमातीचा ढीग. जुन्या कागदात लिहिलंय, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यावर पाया बसायचा नाही."

मिस्त्री हसले. "कोणी लिहिलं? मुकादमाने. तो खाली सावलीत बसून घमेली मोजायचा. वाहत आम्ही होतो. डोक्यावर भरलेलं घमेलं असताना पट्टीच्या त्या टोकापर्यंत कोण जाईल? अलीकडच्या टोकालाच ओतायचो. पलीकडे खडक आहे तस्सा."

"तुमच्या शब्दावर पाया घेता येत नाही, काका. आणि खणायचं मशीन त्या चढावर चढत नाही."

"मशीन कशाला?" मिस्त्री म्हणाले. "जागा दाखवा."

इंजिनिअरने हसत हसत तीन खुंट्या ठोकल्या. म्हातारा दोन दिवसांत थकेल, असं त्याला वाटलं असावं.

मिस्त्रींचं वय एकाहत्तर. या वयात टिकाव जोराने मारायचा नसतो. उचलायचा आणि त्याच्या वजनानेच पडू द्यायचा. तासभर काम, तासभर बसणं. माती खड्ड्याच्या खालच्या अंगाला टाकायची, नाहीतर तीच घसरून परत आत येते. चौथ्या दिवशी पहिल्या खड्ड्यात, तीन फुटांवर, टिकाव खडकावर टणकन वाजला. सातव्या दिवशी दुसरा वाजला.

लेक रजा काढून धावत आली. "बाबा, डोकं फिरलंय का? गुडघ्यांचं काय?"

"गुडघ्यांनी नाही खणत. हातांनी खणतोय."

मास्तरीणबाई छत्री आणि खुर्ची घेऊन येऊन बसू लागल्या. त्या देखरेख करत नाहीत, फक्त ऊन खातात, असं त्यांनीच सांगितलं.

तिसरा खड्डा वाजेना. तीन फूट झाले, चार झाले. फुटके, धारदार दगड निघत राहिले. हाताने फोडलेले. भरावाचेच. मिस्त्रींनी ते ओळखले. इतक्या लांबवर कोणीतरी घमेली आणली होतीच. ते खड्ड्याच्या काठावर बसले आणि म्हणाले, "कोण होतास रे तू, कष्टाळू गाढवा?"

मास्तरीणबाई उठून आत डोकावल्या. "बुजवा की वरून. दोन खड्डे वाजलेत, तेवढे बस झाले. आपली सपाटी वाचेल."

"हीच रांग इकडे आणली तर तिसऱ्यावर सातवं घर येतं, बाई. माझ्या लेकीचं."

"अरे देवा."

"दुसऱ्या कोणाचं असतं तरी बुजवला नसता."

इंजिनिअर आला. पहार घेऊन तो स्वतः तिन्ही खड्ड्यांत उतरला. दोन जागी पहार उडून हाताला झिणझिण्या आल्या. तिसऱ्यात ती हातभर रुतली. तो बराच वेळ कागदावर रेघा मारत राहिला. खडकावर सहाच घरं बसत होती. उरलेली दोन, कडेच्या दोन घरांवर मजला चढवून, असं त्याने शेवटी ठरवलं. लेकीला वरचा मजला, जिना बाहेरून.

लेकीने नकाशा पाहिला. अंगण गेलं होतं. बापाकडे पाहून ती म्हणाली, "चालेल. पण कपडे वाळत घालायला मी खाली सपाटीवर येणार, सांगून ठेवते."

"गाद्यांच्या पलीकडची दोरी घे," मास्तरीणबाई लगेच म्हणाल्या. त्यांनी अर्ज नव्याने लिहिला: सपाटी सोडून घरं चालतील, मात्र पहिला पाया घ्यायच्या आधी पाण्याचं गटार झालं पाहिजे, कारण वरचं पाणी गल्लीत येतं. या अर्जावर मिस्त्रींनी सही केली. ती मोठी आणि वाकडी आली, हात खणून सुजले होते.

वर्षभराने लेक राहायला आली. पहिल्याच दिवशी मिस्त्री बाहेरचा जिना चढले आणि अकराव्या पायरीवर थांबले. पायरी एका अंगाला बोटभर उतरती होती. इतर कोणाच्या लक्षात आली नसती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते थापी, पाणसळ आणि वाटीभर सिमेंट घेऊन आले. ठेकेदाराला त्यांनी सांगितलं नाही. लेक दारात चहा घेऊन उभी होती.

"बाबा, आधी चहा घ्या."

"सिमेंट आधी," मिस्त्री म्हणाले. "ते थांबत नाही."