वाढ, दिवस कलला

केशोरीत सुशीलाबाईच्या हातचा भात खाल्ला नाही असं पोर सापडायचं नाही. नवरा गेला तेव्हा मुलगा लोकेश कडेवर होता. तेव्हापासून ती गावच्या शाळेत पोरांचं जेवण शिजवते. लग्नाकार्यात, तेरवीत, बुद्धपौर्णिमेच्या भोजनदानात भाताचं मोठं पातेलं, गंज, चुलीवर चढलं, की बोलावणं हिलाच. ती कधी नाही म्हणाली नाही. सगळ्यांचं झालं की गंजाच्या बुडाशी उरलेली खरवड घ्यायची, कोपऱ्यात बसून जेवायचं. हे इतकं अंगवळणी पडलेलं, की त्यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. तिलाही नाही.

धान घरात आलं आणि बायांची कंबर जरा सैल झाली, तेव्हा बचत गटाने तलावाच्या बांधावर, पाळीवर, डबापार्टी काढली. डबे कसले, सगळं तिथेच शिजवायचं होतं. म्हणजे शिजवणार सुशीलाबाईच. मोहाच्या झाडाखाली तिने तीन दगड मांडले, लाखोरीच्या कोवळ्या पाल्याची भाजी फोडणीला टाकली, भाताला आधण ठेवलं. बाकीच्या बाया गप्पा मारून मारून कंटाळल्या.

तेव्हा अन्नपूर्णाने कानगोष्टीचा खेळ काढला. अन्नपूर्णा म्हणजे सुशीलाबाईची शेजारीण, दोघी एकाच वर्षी सुना होऊन गावात आलेल्या. बाया पाळीवर ओळीने बसल्या. एकीने दुसरीच्या कानात सांगायचं, तिने तिसरीच्या, आणि शेवटच्या बाईने उठून मोठ्याने बोलायचं. दोन डाव झाले. हसून हसून बायांचे पदर डोळ्यांना लागले.

तिसऱ्या डावाला अन्नपूर्णाला भूक लागली होती. तिने चुलीकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं आणि शेजारणीच्या कानात सांगितलं, "सुशीलाबाई, भात वाढ, दिवस कलला."

गोष्ट ओळीने पुढे सरकली. मध्ये गीताबाई होती. वयाने सगळ्यांत मोठी, कानाने जरा मंद. शेवटी होती नीतू. गोंदिया शहरातून लग्न होऊन नुकतीच आलेली सून. तिने ऐकलं आणि ती टाळी वाजवतच उभी राहिली.

"सुशीलाकाकूचा वाढदिवस आला! अरे वा काकू, बताया क्यों नहीं? हॅपी बड्डे!"

पाळीवर एकच टाळ्या पडल्या. दोघीतिघी उठून चुलीकडे धावल्या. सुशीलाबाई हातात भाजी ढवळायचा सराटा घेऊन तशीच उभी.

"माहा? अवं, काय बोलून राहिली तू?"

अन्नपूर्णा पोट धरून खाली बसली. हसू आवरेना. "अवं नीतू, मी म्हटलं वाढ, दिवस कलला! आन् तुनं वाढदिवस केला!" मग सगळ्यांना उलगडा झाला. गीताबाई म्हणाली, "मले त तसंच ऐकू आलं बाप्पा," आणि पुन्हा हशा उसळला. नीतू ओशाळून जीभ चावत होती.

हसू ओसरल्यावर अन्नपूर्णाने सहज विचारलं, "पण मंग तुहा वाढदिवस असते कधी वं?"

"मले का ठाऊक? माय म्हने, धान लोंबीवर होतं तेव्हा झाली. गुरुजीनं एक जानेवारी लिवून देल्ली." सुशीलाबाईने भाताचं शीत बोटात दाबून पाहिलं. "कोन करते माहा वाढदिवस? लोकेशचा करतो ना मी."

तिच्या बोलण्यात दुःख नव्हतं, तक्रार तर नव्हतीच. पण बायांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यातल्या कितीतरी जणींनी घरच्या कार्यात हिच्याच हातचं खाल्लं होतं, काहींची पोरं आज शाळेत खात होती. अन्नपूर्णा उठली, चुलीपाशी आली आणि तिच्या हातातला सराटा काढून घेतला.

"चुकलं त चुकलं. आता आजच तुहा वाढदिवस. बस तिथं."

"अवं, भात उतरवाचा आहे!"

"मले येते भात उतरवाले. बस म्हटलं ना."

गीताबाईने स्वतःची घोंगडी अंथरली. तिथे सुशीलाबाईला बसवलं. नीतूने पळसाच्या पानांची पत्रावळ मांडली, झाडाखालची दोन रानफुलं आणून काकूच्या अंबाड्यात खोचली. अन्नपूर्णाने भात वाढला, वर लाखोरीची भाजी. वाफ थेट तोंडावर आली. कुणीच जेवायला बसलं नव्हतं. सगळ्या हिच्याकडे पाहत होत्या.

सुशीलाबाईने घास घेतला. भात गरम होता, इतका की बोटं पोळली. आपण रांधलेला भात गरम कसा लागतो हे ती विसरूनच गेली होती. डोळे भरून आले, तशी ती घाईने म्हणाली, "भाजीत मीठ बरोबर पडलं वं." मग कुणी हसलं, कुणी नाक पुसलं.

नीतूने फोटो काढून, वर 'हॅपी बड्डे काकू' लिहून मोबाईलच्या स्टेटसला लावला. संध्याकाळी लोकेशचा फोन आला. तो गोंदियाजवळच्या मुर्रीत खोली करून राहतो, शहरात वायरिंगची कामं करतो.

"माय, आज तुहा वाढदिवस होता? मले काऊन नाही सांगितलं?"

तिने सगळा घोळ सांगितला. तिला वाटलं, पोरगा हसेल. पण तो हसला नाही.

"मी कधी विचारलंच नाही ना, माय," तो म्हणाला. "रविवारी येऊन राहिलो मी."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुशीलाबाईने लाखोरीच्या डाळीचे वडे तळले आणि पानात बांधून अन्नपूर्णाकडे नेले. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, पण दारात पाय ठेवला आणि सगळं पुसलं गेलं.

"कायले आनले वं?" अन्नपूर्णाने विचारलं.

"कालच्यासाठी. लय बरं वाटलं, बाई. तुमी साऱ्यायनं..." तिने वड्यांचं पान पुढे केलं.

अन्नपूर्णाने वडा मोडला, अर्धा तिच्या हातावर ठेवला. "खा आधी. गरम आहे तोवर."

दोघी ओसरीवर बसून खात राहिल्या. शाळेची घंटा झाली तरी सुशीलाबाई लगेच उठली नाही. हातातला वडा सावकाश संपवला, पाणी प्यायली, आणि मग पदर खोचून शाळेकडे निघाली.