वाह काढून टाका

ऑनलाइन गाणी करणारी जमात एकदा पाहून घ्यावी. एकमेकांची तोंडं न बघता गाणं करतात आणि वर त्याला ‘आपली टीम’ म्हणतात. मे महिन्याच्या दुपारी नांदेडात पंखा बंद, कूलर बंद, डोक्यावरून गोधडी घेऊन मी मोबाइलसमोर विरहाचं गाणं म्हणते. कानात ठेक्याची टकटक, तिला हे लोक क्लिक म्हणतात. शेजारणीचा मिक्सर सुरू झाला की विरह थांबवायचा, मिक्सर थांबला की पुन्हा विरह. मग ती फाइल पुण्याच्या अरेंजरला, म्हणजे गाण्याला वाद्यं बसवणाऱ्याला पाठवायची. हा मूळचा जळकोटचा, पण आता बोलतो असा की जन्मला तोच कानाला हेडफोन लावून. ‘‘भाव छान आहे ताई, पण चौथ्या ओळीत तुम्ही क्लिकच्या जरा मागे आहात.’’ विरहात माणूस मागेच राहतो बाबा, पण ते याला कोण सांगणार!

या गाण्याला क्लॅरिनेट हवी होती आणि ती लातूरच्या चाचांचीच हवी, असा हट्ट मी धरला. चाचांनी सारी हयात लग्नाच्या बँडमध्ये आणि ऑर्केस्ट्रात घालवली. लग्नाआधी मी निलंग्याहून लातूरला जाऊन त्यांच्या ऑर्केस्ट्रात गायचे. माइकपुढे उभं कसं राहायचं, श्वास कुठे चोरायचा, सगळं त्यांनीच शिकवलं. आता त्यांचे दात हलायला लागले होते आणि डॉक्टरांनी येत्या सोमवारी सगळे काढायचं ठरवलं होतं. क्लॅरिनेट वरच्या दातांना टेकवून वाजवतात. दात गेले की या वयात वाजवणं संपलंच, असं ते स्वतःच म्हणत होते. आणि इतकी वर्षं वाजवून त्यांचं एकही रेकॉर्डिंग कुठे नव्हतं. वरातीत लोक व्हिडिओ काढतात ते नाचणाऱ्यांचे.

‘‘बेटी, एक गानं तरी ऱ्हाऊ दे माझं कुटं,’’ फोनवर एवढंच म्हणाले.

सुनेच्या मोबाइलवर त्यांनी वाजवलं. कानात माझं गाणं, समोर मोबाइलचा माइक. फाइल आली, मी ऐकली आणि अंगावर काटा आला. इतकी गोड क्लॅरिनेट मी ऑर्केस्ट्रातही ऐकली नव्हती. फक्त मधेच त्यांचा आवाज होता. ‘‘वाह बेटी, वाह!’’ एकदा नाही, सहा वेळा. आमच्याकडे गाणाऱ्याने चांगली जागा घेतली की दाद द्यायची, न देणारा बेअदब. चाचांनी कानात माझी ओळ ऐकली आणि माइक चालू आहे हे विसरून, क्लॅरिनेट ओठांवरून काढून दाद दिली.

‘‘वाह काढून टाका,’’ अरेंजर म्हणाला. ‘‘सूर अर्धा सोडून बोलतात ते, वाह कापली तर तिथे भोक पडतं. पुन्हा घ्यायला सांगा.’’ एवढ्यावर थांबला असता तर तो अरेंजर कसला? त्यातली एक वाह कापून त्याने टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, खाली लिहिलं, ‘आमचे लाइव्ह प्रेक्षक.’ ज्यांना साधं पेटीच्या सुरात गाता येत नाही, तेही पोट धरून हसले. मीसुद्धा एक हसरा चेहरा टाकला. हे लिहिताना आजही मला स्वतःची किळस येते.

दुसऱ्या वेळी पुन्हा वाह. मी फोन केला, ‘‘चाचा, गप राहून वाजवा ना.’’

‘‘आगं, तू गाऊन राहिलीस अन् मी मुडद्यावानी गप बसू? न्हाई जमत तसं.’’

तरी तिसऱ्यांदा त्यांनी माझ्यासाठी तोंड आवरलं. चौथ्या ओळीपर्यंत. जिथे मी क्लिकच्या मागे होते, नेमकी तिथेच वाह निघाली.

सोमवार आला, दात गेले. अरेंजरने कॉम्प्युटरमधली क्लॅरिनेट बसवली. ‘‘कुणाला कळणार नाही ताई. नाव त्यांचंच टाकू.’’ मी काय केलं? अंगठा दाखवला. ग्रुपवर भांडण करायला मी बरी पडले होते रिकामी!

गाणं यूट्यूबवर आलं, खाली लाल बदामांचा पाऊस पडला. मी एसटीने लातूर गाठलं. नाव वाचून चाचा खूश होतील आणि बाकी त्यांना कळणार नाही, अशी आशा होती. मी किती भित्री आहे ते त्यावरून समजा. चाचांचे गाल आत गेले होते. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. चौथ्या ओळीला मान हलली, बोळक्या तोंडातून वाह निघाली. गाणं संपलं.

‘‘क्लारनेट कोन वाजवलं?’’

‘‘मशीन,’’ मी म्हणाले.

‘‘तरीच. श्वास घेत न्हाई ते.’’ रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ‘‘आता माझी लाव.’’

मी मोबाइलमध्ये शोधलं. वर गेले, खाली आले. मग आठवलं. फोन भरला म्हणून मागच्या आठवड्यात मी जड फाइली आधी पुसल्या होत्या. तिन्ही त्यात गेल्या. सुनेने तर पाठवल्याबरोबर काढून टाकल्या होत्या. तिथूनच पुण्याला फोन लावला. ‘‘कच्च्या फाइली कोण ठेवतं ताई?’’ अरेंजर म्हणाला. त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. कुठल्या तोंडाने देणार?

ग्रुपवरची ती थट्टेची फाइल तेवढी राहिली होती, चार सेकंदांची. मी ती लावली. ‘‘वाह बेटी, वाह!’’ मग फुंक मारण्याआधी त्यांनी घेतलेला लांब श्वास, आणि तिथे कात्री.

चाचा थोडा वेळ वाट बघत राहिले.

‘‘एवढीच हाय?’’

‘‘हाव चाचा,’’ मी म्हणाले, ‘‘एवढीच.’’